बिव्ही बॅग आतून ओली होते. बॅग बदलू की झोपायची पद्धत?

अर्धाकप | १ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात तंबू घरी ठेवून नुसत्या बिव्ही बॅगवर रात्री काढायचा विचार आहे. महिनाअखेर रायरेश्वर, जमलं तर जानेवारीत हरिश्चंद्रगड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिव्ही म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची खोळ. पाणी आत येऊ न देणारं पण आतली वाफ बाहेर सोडणारं कापड, डोक्याकडे आवळायची दोरी. माझी अर्ध्या किलोची आहे.

सराव म्हणून काल कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर झोपलो. पाऊस नाही, काही नाही. पहाटे उठलो तर स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला. नुसता दमट नव्हे, हात फिरवला की बोटं ओली होत होती. बिव्हीला आतून बारीक थेंब धरलेले. दुकानदार म्हणतो कापड गळणं शक्यच नाही.

सामान असं: सिंथेटिक स्लीपिंग बॅग, पिशवीवर ५ अंश छापलंय. फोमची पातळ कॅरीमॅट. आणि ही बिव्ही. ओल आली कुठून? रायरेश्वरला एवढ्यावर भागेल का? मॅट बिव्हीच्या आत घालायची की खाली अंथरायची? आईचं मत विचाराल तर घोंगडी ने आणि गप झोप.

ताकपिठं | १ डिसेंबर, रात्री १०.०५

गच्चीवर पिशवीत गुंडाळलेला माणूस बघून सकाळी फिरायला आलेल्या आजोबांचं काय झालं असेल, मी त्याच विचारात आहे. वॉचमनला तरी सांगितलं होतंत ना?

बाकी विषय माझा नाही. वाचतोय.

अर्धाकप | १ डिसेंबर, रात्री १०.११

सेक्रेटरींना सांगितलं होतं. ते म्हणाले टाकीजवळ झोपू नका, ओव्हरफ्लो होते. त्यामुळे ती शंका आधीच फिटली आहे, टाकी दुसऱ्या टोकाला होती.

खडकवासलेकर | १ डिसेंबर, रात्री ११.३०

बॅग परत करायला जाऊ नका, ती चांगली आहे. पाणी तुमचंच आहे.

घाम आला नाही तरी झोपेत कातडीतून आणि श्वासातून वाफ जातच असते. रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी असं निघून जातं. यातलं श्वासाचं पाणी बाहेरच्या बाहेर गेलं तर निम्मं काम झालं. पण गार वाजायला लागलं की आपण दोरी आवळतो, तोंड आत घेतो आणि ते सगळं पाणी खोळीत सोडतो.

दुसरी गोष्ट कापडाची. वाफ सोडणारं कापड वाफेला ढकलत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी, हा जो फरक असेल त्याच्या जोरावरच ती बाहेर पडते. बाहेरची हवा आधीच दमट असेल तर फरक थोडा राहतो. शिवाय बिव्हीचं कापड स्वतः गारठलेलं असतं. वाफ स्लीपिंग बॅगच्या भरावातून प्रवास करून त्या गार कापडापाशी येते आणि बाहेर पडण्याआधीच तिचं पाणी होतं.

आणि हे कापड हवेपेक्षाही गार होऊ शकतं, ही यातली खरी मेख. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे फेकत असते. बाहेर लावलेल्या गाडीच्या टपावर सकाळी दव असतं आणि शेडमधली गाडी कोरडी असते, ते यामुळेच. तुमची बिव्ही काल रात्रभर गाडीच्या टपाचं काम करत होती. बाहेरून तिच्यावर दव साचलं की आतल्या वाफेची वाट आणखी बंद.

पायाकडेच का, तर तिथली हवा हलत नाही, पाय मुळात गार, आणि पाय ताणले की स्लीपिंग बॅग जाऊन बिव्हीला चिकटते. बिव्ही नेहमी ऐसपैस घ्यावी. आवळ असली तर स्लीपिंग बॅगचा भराव दाबला जातो, भराव दाबला की त्यात अडकलेली हवा जाते, आणि आपल्याला गरम ठेवते ती हवाच.

आज पुन्हा झोपा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिच्याखाली, कानटोपी घालून, नाक-तोंड बाहेर ठेवून. बाकी काही बदलू नका. सकाळी सांगा.

चिंचोका | २ डिसेंबर, सकाळी ७.५०

खडकवासलेकर वरचं सगळं सांगून गेले, मी खालचं सांगतो. माझ्या मते थंडीने झोपमोड होते ती दहातल्या सात वेळा खालून. लोक महागडी स्लीपिंग बॅग घेतात आणि ती दुधाच्या पिशवीइतक्या जाडीच्या मॅटवर टाकतात. अंगाखाली दबलेला भराव काहीही कामाचा नसतो. तिथे जमीन आणि तुम्ही यांच्यामध्ये फक्त मॅट.

मॅटची ऊब राखायची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्यात मोजतात. जाड, चांगल्या फोमच्या मॅटची २ च्या आसपास असते. पातळ कॅरीमॅटची त्याहून बरीच कमी. नुसत्या हवेच्या गाद्यांवर जाऊ नका, आत भराव नसेल तर त्यातली हवा फिरत राहते आणि गार लागते. चांगली बातमी अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. म्हणून आहे त्या मॅटखाली दुसरी स्वस्तातली टाका. रायरेश्वरावर पठारावर वस्ती आहे, कुणाकडे तरी पेंढा मिळतो. पेंढ्याचा वीतभर थर अंथरला तर मी मॅटचं नावसुद्धा काढणार नाही. फक्त विचारून घ्या, तो जनावरांचा असतो.

मॅट आत की बाहेर? आत. कूस बदलताना तुम्ही तिच्यावरून घसरत नाही. बिव्ही फारच अरुंद असेल तर मात्र बाहेर, नाहीतर वरचा भराव दाबला जाईल.

दुपारचाचहा | २ डिसेंबर, दुपारी ३.१५

स्लीपिंग बॅगवरच्या ५ अंशांबद्दल कुणीच बोललं नाही. आयएसओ २३५३७ या मानकात तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्टचा हिशोब आरामात पसरून झोपलेल्या बाईचा, लिमिटचा मुटकुळं करून झोपलेल्या पुरुषाचा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, झोप विसरा. पिशवीवर एकच आकडा छापलेला असेल तर तो तीनपैकी कुठला, हे कळायला मार्ग नाही. मी असा आकडा लिमिट धरते आणि त्यात चार-पाच अंश मिळवते. म्हणजे अर्धाकप, तुमची बॅग १० अंशांची समजा. बिव्हीमुळे वारा अडतो, त्याचे दोन-तीन अंश पदरात पडतील.

आणि मैत्रिणींसाठी एक. रात्री लघवीला उठावं लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडू नका. अंगात पाणी कमी असलं की हातपाय जास्त गारठतात. झोपायच्या आधी जाऊन या, रात्री लागली तर पडून राहू नका, उठा. तुंबवून पडलं की झोप लागत नाही आणि गारठा दुप्पट जाणवतो. बिव्हीची चेन बाजूने उघडणारी असेल तर अंधारात सोपं पडतं, फक्त डोक्याकडून बाहेर पडायची असेल तर वैताग येतो. विकत घेताना दुकानातच आडवं होऊन बघा, लाजू नका.

मुठाकाठ | २ डिसेंबर, रात्री ८.२०

मला एक समजावून सांगा. सह्याद्रीत हिवाळ्यात पाऊस नाही, बर्फ नाही. मग पाण्यापासून वाचवणारी पिशवी अंगावर ओढून आत स्वतःच्याच वाफेने भिजायचं कशासाठी? बोहरी आळीतून हलकी ताडपत्री आणि सुतळीचा गुंडा आणा, दोन काठ्यांवर तिरपी बांधा. दव ताडपत्रीवर पडेल, तुम्ही खाली कोरडे, हवा चारी बाजूंनी खेळती. बिव्ही परदेशात गिर्यारोहकांना कड्यावर तंबू लावायला जागा नसते म्हणून निघाली. आपण पठारावर झोपतो. जागाच जागा आहे.

खडकवासलेकर | २ डिसेंबर, रात्री ९.०५

मुठाकाठ, दवाबद्दल १०० टक्के मान्य. छत हाच दवावरचा उपाय, झाडाची फांदी असो की ताडपत्री. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जानेवारीत ताडपत्री बांधून दाखवा. कोकणातून वारा सरळ वर चढतो, रात्रभर ताडपत्री फडफडते आणि पहाटेपर्यंत एखादी दोरी सुटलेली असते. तिथे वारा अडवायला अंगालगतचं कापडच लागतं. वारा स्लीपिंग बॅगच्या शिवणींतून आतली गरम हवा उपसून नेतो.

माझा उपाय मधला. वर लहानशी ताडपत्री, फक्त डोकं ते कमरेपर्यंत. खाली बिव्ही, पण छातीपर्यंतच ओढलेली. वारा आला तर वर घ्यायची.

मुठाकाठ | २ डिसेंबर, रात्री ९.२२

म्हणजे दोन्ही वाहून न्यायचं. मग तंबूच काय वाईट आहे?

खडकवासलेकर | २ डिसेंबर, रात्री ९.३१

तंबूत रात्री डोळे उघडले तर नायलॉन दिसतं.

बोरबन | ३ डिसेंबर, सकाळी ६.४५

जागेबद्दल लिहितो. पुणेकरांना हे रोज पेपरात दिसतं तरी ध्यानात येत नाही. हिवाळ्यात एकाच रात्री पाषाण, एनडीए, हवेलीकडे पारा एकेरी आकड्यात आणि मगरपट्ट्यात त्याहून कितीतरी अंश जास्त. शहरातलं काँक्रीट हे एक कारण, पण दुसरं म्हणजे उताराचं. रात्री गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. महाबळेश्वरात गावात बऱ्यापैकी उबदार असतं आणि वेण्णा तलाव, लिंगमळ्याकडे दव गोठल्याचे फोटो येतात, ते याच कारणाने. तलावाकाठी वरून ओलावाही जास्त.

त्यामुळे 'हजार मीटर वर गेलं की साडेसहा अंश कमी' हा पुस्तकी हिशोब शांत, निरभ्र रात्री उलटा पडू शकतो. पुणे ५६० मीटरवर, रायरेश्वर त्याच्या दुपटीहून उंच, पण पायथ्याचं शेत पठारावरच्या धारेपेक्षा गार निघेल. पवना धरणाच्या काठावर कॅम्पिंगला जाणारे सकाळी पिळून निघतात आणि दोष तंबूला देतात.

साचा असा: तळापासून थोडं वर, माथ्यापासून थोडं खाली, वाऱ्याच्या आड, डोक्यावर झाड. आंघोळीच्या टाक्यापासून, ओढ्यापासून लांब. पश्चिमेच्या कातळाला दिवसभर ऊन लागलेलं असेल तर त्याला पाठ लावून झोपा, अर्धी रात्र तो ऊब देतो. वर सुटे दगड नाहीत ना, तेवढं बघा.

अवांतर: पुण्याचा नीचांक १.७ अंश आहे, जानेवारी १९३५ चा. शिवाजीनगरच्या हवामान खात्याला जुने लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, कारण मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं. शिमल्याची थंडी मात्र सोबत आणली नाही त्यांनी.

नीरेची_लेक | ३ डिसेंबर, दुपारी १.१०

अर्धाकप, आईंना हसू नका. आमचे आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचे, आयुष्यभर उघड्यावर झोपले. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि माणसं वाघरीच्या वाऱ्याआडच्या अंगाला. अंगावर एक घोंगडी, अंगाखाली एक.

घोंगडी ओलीला कशी हाताळते ते सांगते. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास वाफ शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना थोडी ऊबही सोडते. वर चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे कापड ताठ राहतं आणि दवाचे थेंब वरच्या केसांवरच थांबतात. सकाळी आजोबा उठून घोंगडी दोनदा झटकायचे, झालं. पावसात हिचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची.

खोट म्हणाल तर वजन. बिव्हीच्या चौपट-पाचपट. आणि नवी घोंगडी टोचते, पहिला हिवाळा टोचतेच. मला विचाराल तर बिव्ही राहू द्या, स्लीपिंग बॅगच्या खाली मात्र अर्धी घोंगडी घडी करून घाला. चिंचोका म्हणतात ती दुसरी मॅट तुमच्या घरीच आहे.

ओतूरकर | ३ डिसेंबर, रात्री १०.५०

मंडळी, दवाचं ठीक आहे, बिबट्याचं कुणी बोलेना. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडच्या उसाच्या पट्ट्यात कुणीही उघड्यावर झोपू नये. गमतीने नाही सांगत. आमच्याकडे संध्याकाळनंतर माणूस अंगणातसुद्धा एकटा बसत नाही. जमिनीलगत आडवं पडलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. हरिश्चंद्रगडाला आमच्याकडच्या खिरेश्वरमार्गे येणार असाल तर वाटेत कुठे शेतात पथारी टाकू नका, गावात कुणाच्या तरी पडवीत झोपा, कुणी नाही म्हणणार नाही.

गडावर झोपायचं तर तो अभयारण्यात येतो, वनखात्याच्या चौकीवर विचारूनच. शेकोटी करू नका. जंगलाचं सोडाच, कड्याला आग्या मोहोळं असतात, धूर लागला तर थंडीची आठवणही राहणार नाही. आणि सकाळी बूट झटकून घाला, विंचवाला उबदार जागा आवडते.

ताकपिठं | ४ डिसेंबर, सकाळी ९.३०

विषय माझा नाही म्हणालो होतो, पण रात्री वाचत बसलो. २४ सप्टेंबर १९७५. डग स्कॉट आणि डूगल हॅस्टन एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून चढून संध्याकाळी माथ्यावर पोचले, उतरताना अंधार झाला. दक्षिण शिखरापाशी बर्फात खड्डा खोदून रात्र काढली. स्लीपिंग बॅग नाही, ऑक्सिजन संपलेला. दोघं धड परत आले, बोटंसुद्धा शाबूत.

तर अर्धाकप, कोथरूडच्या गच्चीवर पाय ओले झाले त्याचं एवढं काय?

खडकवासलेकर | ४ डिसेंबर, सकाळी ९.५८

लक्षात घ्या, त्यांनीही पहिलं काम वारा अडवायचं केलं.

दुपारचाचहा | ४ डिसेंबर, सकाळी ११.२०

झोपायच्या आधीचा अर्धा तास कुणी सांगितला नाही. चढताना घामेजलेला सुती टीशर्ट घालूनच लोक आत शिरतात, मग बिव्ही ओली होते म्हणून ओरडतात. अंगातला प्रत्येक कपडा बदला. मोजे वेगळे, फक्त झोपेचे, सैल. घट्ट मोज्यांनी पाय जास्त गारठतात.

आत शिरताना अंग गरम हवं. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही, आहे ती राखते. दहा-वीस बैठका मारा, घाम येण्याआधी थांबा. शेंगदाणा-गुळाचा लाडू खा, तूप घातलेला असेल तर उत्तम. स्टीलच्या साध्या, एकपदरी बाटलीत कडक पाणी भरा, झाकण दोनदा तपासा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये धरा. पायाशी नाही, मांड्यांमध्ये. मोठ्या रक्तवाहिन्या तिथे आहेत, पाय आपोआप गरम होतात. थर्मासची बाटली चालत नाही, ती ऊब स्वतःपाशीच ठेवते.

दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि तीच ऊब अंगातून लवकर निघून जाते.

अर्धाकप | २९ डिसेंबर, रात्री ८.१५

रायरेश्वरहून परत आलो. आधी गच्चीचा निकाल: शेडखाली, तोंड बाहेर ठेवून झोपलो, तर पायाकडे नुसता दमटपणा, थेंब नाहीत.

पठारावर एका घरी जेवण सांगितलं होतं, पिठलं आणि नाचणीची भाकरी. त्यांनाच विचारून घराच्या मागच्या बाजूला बांधाच्या आड जागा घेतली, वर झाड. खाली पेंढा, घोंगडी, त्यावर बिव्ही, आत मॅट. आजी म्हणाल्या एवढं सगळं आणलंस तर घरातच का झोपत नाहीस. याला उत्तर नव्हतं.

झाडाबाहेर ठेवलेली सॅक सकाळी दवाने निथळत होती. बिव्हीच्या वर हात फिरवला तर जेमतेम ओल. आत पायाकडे कोरडं. तोंडापाशी दोरीच्या कडेला तेवढं पाणी. खालून गारठा अजिबात नाही. पण चारच्या सुमाराला खांद्यांना आणि मानेला गार लागायला लागलं, कूस बदलली की आत गार झुळूक यायची. लिमिटचं गणित खरं असावं. हरिश्चंद्रगडासाठी नवी बॅग घेऊ का?

चिंचोका | २९ डिसेंबर, रात्री ८.४०

बॅग नको. मफलर किंवा जुना स्वेटर खांद्यांभोवती कोंबा, तोंडाकडची फट बुजते. स्लीपिंग बॅगची गळ्याकडची दोरी आवळा, बिव्हीची सैल सोडा. लोक नेमकं उलट करतात.

नीरेची_लेक | २९ डिसेंबर, रात्री ९.१०

आईंना सांगितलंत का घोंगडीचं?

अर्धाकप | २९ डिसेंबर, रात्री ९.१४

नाही अजून. पेंढ्याचं सांगितलं, कारण तो घरभर झालाय. आणि बिव्ही धुवायची कशी? चिखल लागलाय.

खडकवासलेकर | २९ डिसेंबर, रात्री ९.४५

आधी उलटी करून सावलीत वाळवा, चिखल वाळला की ब्रशने झडतो. उरलेला डाग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हाताने काढा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने बाहेरचं पाणी झटकणं बंद होतं. मशीनमध्ये पिळू नका. स्लीपिंग बॅगसुद्धा दिवसभर पसरून ठेवा, आणि तिच्या छोट्या पिशवीत कोंबून कपाटात टाकू नका, भराव कायमचा बसतो. मोठ्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा.

चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा.

मुठाकाठ | २९ डिसेंबर, रात्री १०.०२

जानेवारीत हरिश्चंद्रगडाला मी येतो. ताडपत्री घेऊन. पाचनईकडून चढू, कड्यावर नाही, देवळाच्या बाजूला खाली झोपू. तारीख व्यनित (खाजगी निरोपात) ठरवा.